पेढ्याच्या वाटीतले दहा रुपये

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंची केमोथेरपी सुरू आहे. आमचा लॅब्रेडॉर, पेढा, चार वर्षांचा, वजन 30 किलो. वर्षभर कान खाजवतो, पंजे चाटतो. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधल्या दोघांनी आपले कुत्रे रॉ डाएटवर, म्हणजे कच्च्या मांसाच्या आहारावर, टाकलेत आणि ते सांगतात की आजारपण बंदच झालं. शिवाय कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, त्याला कच्चं मांसच मानवणार. सध्याचं चिकनचं ड्राय फूड 410 रुपये किलो पडतं, महिन्याला 11 किलो लागतं. रॉ चिकनची तयार पाकिटं 420 रुपये किलो. म्हणजे किलोमागे फरक दहा रुपयांचा. त्यासाठी 14,000 चा डीप फ्रीझर वर्षभराच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. पैसे जुळवायला पेढ्याचा 4,900 रुपयांचा वार्षिक विमा यंदा सोडून देऊ म्हणतो. गृहकर्जाचा हप्ता 52,000 आहे. सगळं जाऊन महिनाअखेर साडेपाच हजार उरतात. अडीअडचणीसाठी बाजूला 90,000 आहेत. करावं का?

उत्तर: ताई, फ्रीझर अजून बुक केला नसेल तर करू नका. आणि विम्याचा हप्ता, काहीही ठरो, वेळेत भरा. का ते सांगतो, पण आधी त्या दहा रुपयांकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे.

ड्राय फूडमध्ये पाणी साधारण दहा टक्के असतं. कच्च्या मांसात सत्तरच्या आसपास. म्हणजे 420 रुपये देऊन तुम्ही जे किलोभर घरी आणता त्यातलं सातशे ग्रॅम पाणी आहे. पेढ्याचं पोट किलोवर भरत नाही, कॅलरीवर भरतं. ड्राय फूडमध्ये किलोमागे अंदाजे 3,600 किलोकॅलरी मिळतात. चिकनच्या रॉ मिश्रणात 1,600 धरा. नेमका आकडा गोणीच्या मागे छापलेला असतो, नसला तर कंपनीला विचारायचा. आज पेढा दिवसाला 370 ग्रॅम खातो, म्हणजे 1,330 किलोकॅलरी. तेवढ्यासाठी रॉ किती लागेल? सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम. रॉवाले स्वतःही मोठ्या कुत्र्याला वजनाच्या अडीच-तीन टक्के खाऊ घाला असंच सांगतात. तीस किलोच्या कुत्र्याला ते 750 ते 900 ग्रॅम होतं, तेव्हा हिशोब जुळतोय.

महिन्याचे झाले 25 किलो. गुणिले 420, साडेदहा हजार. आज तुम्ही 4,510 देता. किलोमागे दहा रुपये वाटणारा फरक महिन्याला सहा हजारांचा निघाला. तुमच्याकडे उरतात साडेपाच. त्यावर फ्रीझरचा हप्ता साधारण 1,170 आणि विजेचे तीनएकशे. दर महिन्याला जवळपास दोन हजारांचा खड्डा, आणि तो भरायला क्रेडिट कार्ड हेच एक फावडं तुमच्या हाताशी आहे.

लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतो. पेढ्यापुढे अजून आठ वर्षं धरली आणि भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, तर हा वरचा खर्चच सात लाखांच्या पुढे जातो. कुत्र्यावर सात लाख खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. लोक लग्नात एका संध्याकाळी उडवतात. पण सात लाखांचा निर्णय दहा रुपयांचा समजून घेऊ नये.

मग दुकानातून सुटं आणून घरीच करू, हा पुढचा विचार तुमच्या मनात येईलच. गल्लीतल्या चिकनवाल्याकडून माना, कलेजी-पोटा, थोडं बोनलेस. कागदावर स्वस्त दिसतं, कारण पाकीटबंद डॉग फूडवर 18 टक्के जीएसटी आहे आणि सुट्या ताज्या मांसावर नाही. पण यात मांस 80, हाड 10, अवयव 10 टक्के हे प्रमाण रोज सांभाळायचं. कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल बिघडला तर तो पुढे हाडांत दिसतो. बाकीची खनिजं, जीवनसत्त्वं, माशाचं तेल वेगळं. पशुआहाराच्या जाणकाराकडून पाककृती बांधून घ्यायची तर त्याची फी. महिन्याला साडेसहा-सात हजार तरी जातीलच, वर रविवारची सकाळ सुरी आणि वजनकाट्याबरोबर. मुंबईच्या वन बीएचकेच्या ओट्यावर 25 किलो कोंबडी कापून डबे भरणं, हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

त्याच ओट्यावर सासूबाईंचं जेवण होतं. इथे मी माझ्या, म्हणजे पैशाच्या सल्ल्याच्या, धंद्याबाहेर जातोय, पण जोखीम मोजणं हेही माझंच काम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात कुत्र्या-मांजरांच्या रॉ फूडचे 196 नमुने तपासले. 15 नमुन्यांत साल्मोनेला निघाला, 32 मध्ये लिस्टेरिया. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. कुत्रा स्वतः ठणठणीत असतो आणि विष्ठेतून ते टाकत राहतो, मग त्याच जिभेने मुलीचा गाल चाटतो. केमोथेरपीत प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. तुमच्या घरात निदान उपचार संपेपर्यंत कच्चं मांस नको, आणि हे मी पैशाचा हिशोब उलटा निघाला असता तरी म्हटलं असतं. खात्री करायची तर सासूबाईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

आता खाज. ज्यासाठी हे सगळं चाललंय, ती. तुमचं ड्राय फूड चिकनचं. रॉ पाकीटही चिकनचंच. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये ज्या पदार्थांची नावं वारंवार येतात त्यांत गोमांस, दूध, गहू यांच्याबरोबर चिकनही आहे. म्हणजे पेढ्याला चिकनच चालत नसेल, तर साडेदहा हजार देऊन तुम्ही त्याला तेच, फक्त ओलं, खाऊ घालणार. दुसरं मांस घ्यायचं म्हटलं तर गोवंशाचं महाराष्ट्रात 2015 पासून बंद, मटणाचा भाव तुम्हाला माहीत आहे, आणि म्हशीचं घरात आणायला सासूबाई हो म्हणतील का, हे मला विचारू नका. शिवाय खाज अन्नामुळेच आहे हे ठरवलं कोणी? पिसवा, धूळ, बुरशी ही कारणं अन्नापेक्षा जास्त वेळा निघतात. लोंबत्या कानांचा लॅब आणि मुंबईची दमट हवा म्हणजे कानात यीस्ट व्हायला आमंत्रणच. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला व्हेटला काही मिनिटं लागतात. तुमच्या पत्रात ही तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. खासगी दवाखाना महाग वाटत असेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. अर्धा दिवस रांगेत जाईल, खिसा वाचेल.

तपासून अन्नावरच संशय आला तर डॉक्टर साधारण आठ आठवडे वेगळ्या प्रथिनाचं अन्न देऊन बघतील. तेही महागच असतं. पण त्या खर्चाला शेवटची तारीख आहे. मला असे खर्च आवडतात.

लांडग्याचं म्हणाल तर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा तो परिणाम. आमच्या गावचा काळू भात-आमटीवर तेरा वर्षं जगला. हा पुरावा नाही, पण तुमच्या ग्रुपमधले दोन कुत्रे हाही नाही. रॉवर कुत्र्याची विष्ठा कमी होते, खाणं तो चाटूनपुसून संपवतो, हे खरंय. आजारपण बंद होतं, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

आणि म्हणून विमा. 2019 च्या मे महिन्यात आमच्या कुत्रीने हापूसची कोय गिळली. आम्ही घरातले पाच जण आमरस-पुरीवर होतो, कोणाचं लक्ष नव्हतं. दोन दिवस उलट्या, मग एक्स-रे, मग रात्री अकराला ऑपरेशन. बिल 68,000. तेव्हा मी लोकांना आपत्कालीन निधीवर व्याख्यानं देत होतो आणि कुत्रीसाठी माझ्याकडे ना विमा होता ना वेगळा पैसा. मुलीच्या फीसाठी ठेवलेले काढले. कोय काय, हाडाचा तुकडा काय, आतड्यात अडकायला दोन्ही सारखेच. हाडं असलेल्या आहारावर जाताना विमा सोडणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छत्री भंगारात घालणं.

एकदा पॉलिसी तुटली की नव्याने घेताना प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होतो, आणि आधीपासूनची खाज 'पूर्वीचा आजार' म्हणून वगळली जाण्याची शक्यता मोठी. कुत्र्याचं वय वाढेल तशी नवी पॉलिसी मिळणंही अवघड. तुमच्या पॉलिसीत आतड्यातल्या अडथळ्याची शस्त्रक्रिया बसते का आणि मर्यादा किती, हे कागद काढून वाचा. जाता जाता, पेढ्याच्या औषधांवर आयकरात काही मिळत नाही. आरोग्याच्या खर्चाची वजावट माणसांपुरती आहे.

तुमचे 90,000 म्हणजे गृहकर्जाचे दोन हप्तेही नाहीत, आणि घरात केमो सुरू आहे. त्यामुळे उरणाऱ्या साडेपाच हजारांतले तीन हजार त्याच निधीत टाका. दीड हजारांची पेढ्याच्या नावाने वेगळी आरडी काढा, तीन वर्षांत 54,000 आणि वर व्याज जमेल. उरलेल्या हजारात त्याला रोज 80-90 ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन द्या, बिनमिठाचं, आणि तेवढ्या कॅलरीचं ड्राय फूड कमी करा. वरचं खाणं एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत राहिलं तर तोल बिघडत नाही. चिकनवरच संशय निघाला, तर ते अर्थातच बंद.

कानाची तपासणी झाली की काय निघालं ते कळवा. आणि विम्याच्या नूतनीकरणाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, ती आज रात्रीच बघा.