तरोटा, टाकळा आणि तरवड

एका वाचक ताईंनी विचारलंय: "नांदेडच्या बाजारात मावशीनं ‘तरोट्याची भाजी’ म्हणून जुडी दिली. सासूबाई कोकणातल्या, त्या म्हणाल्या, हा तर टाकळा. आणि माझे वडील म्हणतात, तरोटा म्हणजे नवरात्रात घटाला माळ घालतात ते पिवळ्या फुलांचं झुडूप. खरं काय?"

मावशी आणि सासूबाई, दोघींचंही बरोबर. कोकणातला टाकळा तोच मराठवाड्या-विदर्भातला तरोटा. वडील सांगतायत तो मात्र तरवड. दोन्ही एकाच कुळातले, फुलं दोघांचीही पिवळी, पण तरवड हे माळावर वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. त्याची साल कातडी कमावायला वापरत. तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर-बिलोलीकडची मंडळी त्याला तेलुगूतलं ‘तंगेडू’ म्हटलं की लगेच ओळखतील, तिकडच्या बतकम्मा सणात फुलांची रास रचतात त्यातलं हे मुख्य फूल. तरोटा पावसाबरोबर उगवतो आणि पावसाळा सरला की वाळतो.

घोटाळा झालाय तो उच्चारामुळे. मराठीत ‘अव’चा ‘ओ’ सहज होतो, लवणाचं लोण झालं तसा. ‘तरवटा’ म्हणणारी माणसं अजून आहेत, त्याचाच तरोटा. तरवडाचाही बोलताना ‘तरोड’ होतो. मग उरतो फक्त ट आणि ड यांचा फरक, तो कानाला कितीसा लागणार?

पण व्याकरण फसत नाही, आणि मला या शब्दांत सगळ्यात आवडतं ते हेच. तरोटा आकारान्त, म्हणून तरोट्याची भाजी, तरोट्याच्या शेंगा. तरवड अकारान्त, म्हणून तरवडाची फुलं, तरवडाची माळ. ‘तरवडाची भाजी’ मी आमच्याकडे कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. त्या मावशीनं ‘तरोट्याची’ म्हटलं तिथंच उत्तर मिळालं होतं.

संस्कृतात तरोट्याला चक्रमर्द म्हणतात. चक्र म्हणजे गजकर्णाचं वर्तुळ, त्याला चिरडणारा. दुसरं नाव दद्रुघ्न, अर्थ तोच.

भाजीला फुलं यायच्या आधीचे कवळे शेंडेच खुडावेत, जून पाला कडवट आणि उग्र लागतो. तेलात लसूण, मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ आणि बारीक चिरलेला पाला. वरून शेंगदाण्याचं कूट, सोबत ज्वारीची भाकरी. खुडताना पान नीट बघा: तरोट्याला पानोळ्यांच्या (एका देठावरच्या छोट्या पानांच्या) बहुधा तीनच जोड्या, टोकं गोलसर, आणि सांज झाली की पानं मिटतात. टोकदार पानोळ्यांचा कासविंदा, म्हणजे रानटाकळा, शेजारीच उगवतो. त्याच्या बिया विषारी असतात, तेव्हा ओळख पटल्याशिवाय खुडू नका.

लिहिताना ‘तरोटा’ लिहा. ‘तरवटा’ही चूक नाही. फक्त भाजीला ‘तरोडा’ लिहू नका, त्यानं पुन्हा तरवडाचाच भास होतो.