सायकलचे टायर ट्यूबलेस करतोयस? आधी रिम बघ

अरे, सीलंटच्या, म्हणजे टायरची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीआधी रिम बघ. हुकलेस, म्हणजे टायर धरणारी आत वळलेली कड नसलेली, असेल तर टायरही हुकलेसला चालणाराच हवा, आणि हवा ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर अजिबात नको. टायरवर कमी लिहिलं असेल तर तेवढीच. शंभर पीएसआयची जुनी सवय सोड!

२८ मिमी रुंद टायरला साधारण ४० मिली सीलंट पुरतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं; मी एकदा टायर उघडला तर आत नुसती रबराची साय. हवा सोडून, व्हॉल्व्ह खाली आणून त्यातला कोअर (आतली छोटी झडप) काढ आणि झिपटाय (प्लास्टिकची बांधायची पट्टी) बुडवून बघ. कोरडा आला तर भर.

मोठी चीर बुजत नाही, म्हणून खिशात ट्यूब ठेवच. ट्यूब घालायला आधीचा व्हॉल्व्ह काढावा लागतो, म्हणून त्याचा नट मात्र हातानेच आवळ. पक्कडीने आवळलेला माझा नट भर घाटात निघेना, चपला घासत उतरलो.