लॉनसाठी माती करायला पॉवर टिलर भाड्याने घ्यावा की मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मारून घ्यावा?

घोडबंदरला रो हाऊसच्या मागे १५०० स्क्वेअर फूट जागा, कार्पेट लॉन टाकायचंय आणि माती करायला पॉवर टिलर की मिनी ट्रॅक्टर, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही नको. एवढ्याशा जागेला ७ एचपीचा पॉवर वीडर, म्हणजे हँडल धरून मागून चालवायचं माती उकरायचं छोटं मशीन, भरपूर झाला, फक्त बॅक रोटरी बघून घ्या, म्हणजे चाकं पुढे आणि पाती मागे असतात तो. चाकांच्या जागी पाती लावलेला हलका वीडर आपल्याकडच्या मुरमावर नुसता उड्या मारतो, चालवणाऱ्याचे खांदे जातात आणि जमीन तशीच राहते. पण मशीनच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी होती ती तुम्ही विचारलीच नाहीत, की माती कधी उकरायची. आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं खारघरला रो हाऊस. मागची जागा भरावाची, वर बिल्डरने टाकलेली वीतभर लाल माती आणि खाली मुरूम, त्यात रॅबिट म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाईल्सचे तुकडे, सिमेंटचे वाळलेले गोळे. माझं माहेर जुन्नरकडचं, शेतकरी घर. मी तेव्हाच सांगितलं होतं की पाऊस उघडू दे, वापसा येऊ दे, म्हणजे माती चिकट ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी होऊ दे, मग हात लावू. पण आमचे मोठे दीर बांधकाम लाईनमधले, ते म्हणाले मजूर लावून कशाला वेळ घालवता, जेसीबी आणतो, अर्ध्या दिवसात मोकळे. घरात सगळ्यांना ते पटलं. जुलैत जरा ऊन पडलं तेवढ्यात मागची भिंत थोडी पाडून जेसीबी आत घातला. सात-आठ टनांचं धूड, ओली माती, आणि ते तिच्यावरच पुढे-मागे पुढे-मागे. बकेटने खालचा मुरूम वर आला, वरची चांगली माती खाली गाडली गेली. मग मिनी ट्रॅक्टरवाल्याने आडवा-उभा रोटाव्हेटर मारला आणि वरून सगळं इतकं छान भुसभुशीत दिसायला लागलं की माझ्या बोलण्याला काही किंमतच उरली नाही. त्यावर सिलेक्शन वन जातीच्या गवताची कार्पेट अंथरली, रोलर फिरवला, फॅमिली ग्रुपवर फोटो गेले.

आणि मग आपला पाऊस सुरू झाला. पाणी हलेचना. कोपऱ्यातली कार्पेट पिवळी पडली, मग मधली, उचलून बघितली तर खालून कुजका वास आणि मुळं तिथल्या तिथे आडवी पसरलेली, खाली मातीत एक गेलेलं नाही. मी बोटाएवढी सळई आणली आणि टोचत गेले. चार इंच सहज आत जायची आणि मग टक्कन अडायची, जिथे टोचावी तिथे तेच, जसा काही कोणी खाली तवा पसरून ठेवलाय.

याचं कारण साधं आहे. रोटाव्हेटरची पाती एका ठरावीक खोलीवर फिरतात. माती ओली असली की ती खालचा तळ घासून घोटून गुळगुळीत करतात, वरून मशीनचं वजन दाबतं, मग पाणीही खाली जात नाही आणि मूळही. इकडे पनवेल-कर्जतला भातवाले पॉवर टिलरने चिखलणी करतात ती तेवढ्याचसाठी, खाचरात पाणी उभं राहावं म्हणून. भाताला ते हवंच असतं. लॉनच्या खाली तुम्ही तेच करून ठेवलंत तर लॉन मरणारच, त्याला कार्पेटवाला काय करणार?

दीर आजही म्हणतात की मशीन बरोबर होतं, गवतच खराब निघालं. गवत खराब असतं तर पुढच्या खेपेला त्याच नर्सरीतून आणलेली तीच जात कशी जगली? कारण या वेळी काम माझ्या पद्धतीने झालं. पाऊस गेल्यावर थांबलो. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला पाहिजे, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे, तो वापसा. फुटला नाही तर मशीन परत पाठवा, भाडं बुडलं तरी चालेल. आधी दोन मजुरांनी पहारीने तो घट्ट थर फोडला, हे काम कुठलंही छोटं मशीन करत नाही हे लक्षात ठेवा. मग वीडर, पहिल्यांदा उथळ, दगड-रॅबिट घमेल्यांनी बाहेर, मग खोल आणि आडवा. पीठ होईपर्यंत फिरवू नका, हरभऱ्याएवढी ढेकळं राहिलेली चांगली, पीठ केलेली माती पहिल्या पावसात चोपून बसते. मग वर लाल माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती. दोरी लावून घराच्या उलट बाजूला उतार काढला, दहा फुटाला इंच-दीड इंच. भरपूर पाणी मारून माती बसू दिली, खड्डे भरले, पाणी भरून वापरायचा हलका रोलर, आणि मग कार्पेट. नंतरच्या पावसाळ्यात एकही डबकं नाही. हे सगळं दिरांच्या समोर झालंय, तरी ते मान्य करत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते की घरात कोणी बांधकामवाला असेल तर त्याला रस्ता करायचं विचारा, माती करायचं नको.

भाड्याचं विचारलंत, ते तासावर असतं आणि ट्रान्सपोर्ट वेगळा. पॉवर टिलर पनवेल, कर्जत, शहापूर बाजूला शेतकऱ्यांकडे मिळेल पण भाताच्या हंगामात कोणी देणार नाही, शिवाय तो साडेतीनशे-चारशे किलोचा असतो आणि छोट्या जागेत वळवायला माणूस कसलेला लागतो. वीडर गार्डनवाल्यांकडे असतो, चालवणाऱ्यासकट मागवा. माती ब्रासवर मिळते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तुम्हाला चार इंचाचा थर द्यायचा तर ५ ब्रास.

हां, दोन गोष्टी राहिल्या. जागेत लव्हाळा असेल तर आधी त्याचे कंद खणून काढा, वीडर किंवा रोटाव्हेटर दोन्ही त्याच्या साखळ्या तोडून कंद सगळीकडे पसरवतात आणि मग तो कार्पेट फोडून वर येतो. एप्रिल-मेमध्ये माती खणून ओली करून पारदर्शक प्लास्टिकने झाकून ठेवलीत तर बाकीचं तण बरंच कमी होतं, लव्हाळा मात्र त्याने पूर्ण जात नाही. आणि जागा मोठी असेल, म्हणजे अर्धा-एक एकर, आणि जमीन खरीखुरी असेल तर मिनी ट्रॅक्टरच घ्या, तिथे वीडरने जीव जाईल, फक्त वापशावर घ्या.

ठाण्यात हल्ली बऱ्याच ठिकाणी मागची बाग म्हणजे खाली पार्किंग असलेला स्लॅब असतो. तुमचं तसं असेल तर मी वर लिहिलेलं मशीनचं सगळं सोडून द्या. तिथे पाती लागून वॉटरप्रूफिंग फाटलं की खालच्या गाड्यांवर गळती सुरू, म्हणून खुरपं आणि फावडंच. जमीनच असली तरी ड्रेनेजची लाईन आणि बोअरची केबल कुठून गेलीय ते मशीन यायच्या आदल्या दिवशी चुन्याने आखून ठेवा.