बाकीचे चौघे उभे का असतात?

प्रश्न : मी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने नियमित बघतो. एक खेळाडू बॉल आपटत दहा-बारा सेकंद काढतो, बाकीचे चौघे नुसते उभे. शॉट लागला की तो हिरो! याला सांघिक खेळ म्हणायचं का? २०१४ चा सॅन अँटोनिओ स्पर्स संघ ज्याने बघितलाय त्याला हे बघवत नाही. आणि एरवी भरपूर पासिंग करणारे संघही शेवटच्या मिनिटाला एकाच्याच हातात बॉल देऊन मोकळे होतात. असं का?

उत्तर : तुम्ही २०१४ ची फायनल काढलीत आणि माझा अर्धा विरोध तिथेच मावळला. स्पर्सनी मायामी हीट संघाला ४-१ असं लोळवलं. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये त्यांचे ७५.८ टक्के शॉट आत गेले. तरीही एक विनंती आहे. ती मालिका पुन्हा लावा आणि या वेळी बॉलकडे न बघता मायामीच्या बचावाकडे बघा. स्क्रीन लागली, म्हणजे एखाद्या खेळाडूने मध्ये उभं राहून बॉलवाल्या साथीदाराच्या बचावपटूची वाट अडवली, की बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्यावर दोघांनी तुटून पडायचं, ही मायामीची सवय. स्पर्सच्या टोनी पार्करवर दोघे धावले की मागे तिघांनी चौघांना सांभाळायचं. तो हिशेब कसा जमणार? त्याचा साथीदार बोरिस डिआव मधल्या मोकळ्या जागेत बॉल घ्यायचा आणि पुढचा पास कोणाला, हे बॉल हातात येण्याआधीच त्याचं ठरलेलं असायचं. फट आधी पडत होती. पासिंगने ती बुजू दिली नाही.

आता आयसोलेशनकडे या, म्हणजे बाकीच्यांनी बाजूला होऊन एकालाच त्याच्या बचावपटूशी भिडू देणं, ज्यावर तुमचा राग आहे. तेही फट पाडण्यासाठीच असतं. १९९७ च्या फायनलचा सहावा सामना, शिकागो आणि युटा ८६-८६. बॉल जॉर्डनकडे जाणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं. युटाचा जॉन स्टॉक्टन आपला माणूस सोडून जॉर्डनवर धावला. त्याने सोडलेला माणूस म्हणजे स्टीव्ह कर. जॉर्डनने पास दिला, करने शॉट टाकला, शिकागो चॅम्पियन. पासिंगवाल्या गोल्डन स्टेटचा पुढे कोच झाला तो हाच कर.

हल्ली मात्र बचाव शहाणा झालाय. स्क्रीन लागली की बचावपटू आपापली माणसं बदलून घेतात, म्हणजे स्विच करतात. कोणी मागे पडत नाही, त्यामुळे फटही पडत नाही. तुम्ही परिघावर सात पास फिरवा, बचाव जागचा हलत नाही आणि शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारे २४ सेकंद मात्र संपत येतात. असं पासिंग दिसायला छान असतं, पण मला त्याचं अजिबात कौतुक नाही. त्याच स्विचमुळे एखादा जड सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) चपळ गार्डसमोर एकटा सापडला असेल, तर त्याला तिथेच गाठायचं नाही तर काय करायचं?

राहिले तुमचे ‘नुसते उभे’ चौघे. कोपऱ्यातल्या शूटरचा बचावपटू बघा : एक पाय रिंगकडे, एक डोळा आपल्या माणसावर. कोपऱ्यातून तीन गुणांची रेषा २२ फुटांवर, समोरून पावणेचोवीस. म्हणजे तीन गुणांच्या शॉटमध्ये तिथला मोकळा शॉट सगळ्यात जवळचा, आणि त्याच धाकाने तो बचावपटू मदतीला धावायला कचरतो. हे उभं राहणंही कामच आहे. माझा राग आहे तो ड्राइव्ह, म्हणजे बॉलवाल्याची रिंगकडे मुसंडी, सुरू झाल्यावरही ढिम्म उभं राहणाऱ्यांवर. बचावपटूने मान वळवली की त्या क्षणी दोन पावलं वर सरकायचं, म्हणजे पासला वाट मिळते. एवढंही न करता ‘मला बॉल मिळत नाही’ म्हणून हात पसरणारे खेळाडू बघितले की टीव्ही बंद करावासा वाटतो.

शेवटच्या मिनिटाचं म्हणाल तर प्रत्येक पास म्हणजे बॉल हातचा जाण्याची एक संधी, आणि त्या वेळी बचाव सहसा सगळं स्विच करतो. २०२५ च्या फायनलचा पहिला सामना आठवा. पळापळ आणि पासिंग हीच ज्यांची ओळख, ते इंडियाना पेसर्स ओक्लाहोमा सिटीविरुद्ध एका गुणाने मागे होते. ओक्लाहोमाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट हुकला, रिंगवरून उडालेला बॉल (रिबाउंड) पेसर्सना मिळाला. त्यांचे कोच रिक कार्लाइलनी टाइमआउट घेतलाच नाही, कारण घेतला असता तर समोरच्या बचावाला नीट लागायला वेळ मिळाला असता. पेसर्सच्या टायरीज हॅलिबर्टनने एकट्याने बॉल पुढे नेला आणि ०.३ सेकंद उरले असताना शॉट घातला. १११-११०.

प्रश्न : वडील म्हणतात, नव्वदच्या दशकात आयसोलेशन खेळणं सोपं होतं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. तेव्हा झोन बचावाला, म्हणजे माणूस न धरता कोर्टचा एखादा भाग राखण्याला, बंदी होती. एक तर आपल्या माणसाजवळ राहा, नाहीतर बॉलवाल्यावर सरळ डबल टीम करा, म्हणजे दोघांनी मिळून त्याला घेरा. मध्येच लोंबकळत राहणं नियमाबाहेर. म्हणून संघ आपल्या बिनशूटर खेळाडूंना पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवायचे आणि बचावपटूंना नाइलाजाने त्यांच्या मागे जावं लागायचं. २००१-०२ पासून ते बंधन गेलं. उलट बाजूने, तेव्हा बॉलवाल्याला हाताने अडवून धरणं बरंच चालायचं. २००४-०५ पासून त्यावर कडक शिट्टी वाजू लागली. आज शॉट न येणाऱ्याला कोपऱ्यात उभं केलंत, तर त्याचा बचावपटू त्याला खुशाल सोडून रिंगखाली येतो, आणि ज्याच्यासाठी कोर्ट रिकामं केलं त्याच्यासमोर दोघे उभे.