पोस्टमन उडाला, पण चिठ्ठी कागदाचीच राहिली

तुम्ही विचारलंय की भविष्यातल्या तंत्रज्ञानाबद्दल जुन्या लोकांच्या कल्पना एवढ्या का फसल्या आणि आज एआयबद्दल आपण जे बोलतो ते तरी खरं ठरेल का. मी निवृत्त बँक क्लार्क. या विषयावर माझं आणि आमच्या साडूंचं १९८७ पासून भांडण चालू आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

फ्रान्समध्ये १८९९ ते १९१० च्या दरम्यान 'सन २०००' कसं असेल याची चित्रं छापली होती. नेटवर सापडतील. एकात पोस्टमन उडत्या यंत्रावर बसून चिठ्ठी पोचवतोय. दुसऱ्यात मास्तर पुस्तकं चरकात घालतायत, एक पोरगा दांडा फिरवतोय आणि तारांवाटे विद्या बाकीच्यांच्या डोक्यात शिरतेय. पोस्टमनला उडवलं, पण चिठ्ठीच कागदाची राहणार नाही हे चित्रकाराला सुचलं नाही. दांड्याला पोरगाही लागलाच.

आम्हीही तेच केलं. १९८४ साली बँकांत यंत्रं आणण्याबद्दलचा रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी, मशिनं यायला लागली. साडू म्हणजे अण्णा, दुसऱ्या एका बँकेत, युनियनचे खंदे कार्यकर्ते. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना म्हणाले, "दहा वर्षांत तुझी खुर्ची जाणार, लिहून ठेव." मी म्हणालो, "अण्णा, उलट आहे, पाचच्या ठोक्याला घरी जाऊ." लेजर बॅलन्सिंग, म्हणजे खातेवह्यांचा ताळा जुळवणं, ज्यांनी केलंय त्यांना माझी आशा कळेल. बेरीज जुळत नाही, फरक सत्तावीस रुपयांचा. नऊने भाग जातोय म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहून ५८ चे ८५ केलेत, हे धरून रात्री नऊपर्यंत पानं उलटायची.

मशीन आलं. काचेची केबिन, आत एसी, चपला बाहेर. मॅनेजरनी नारळ फोडला तोही केबिनबाहेर, पाणी उडेल म्हणून. पडद्यावर हिरवी अक्षरं आणि प्रिंटर असा करकरायचा की गिऱ्हाईक दचकायचं. पाच वाजता घरी? कसलं काय! मशीनवर भरवसा बसेपर्यंत हातलेजर चालू ठेवा, असा वरून हुकूम. म्हणजे तीच नोंद दोनदा करायची आणि संध्याकाळी प्रिंटआउट लेजरशी ताडून बघायचं. सहा महिने मी आठच्या आत घर पाहिलं नाही. हे अण्णांना कळलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला.

पण त्यांचं तरी कुठे खरं ठरलं? माझी खुर्ची शेवटपर्यंत होती. आम्ही दोघांनी खुर्चीवरच वाद घातला. समोरची रांगच जाईल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खरं तर त्याच १९८७ साली मुंबईत देशातलं पहिलं एटीएम लागलं होतं. पेपरात वाचून आम्ही म्हणालो, श्रीमंतांचे चोचले. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आता भाजीवालीही पाटीवर क्यूआर कोड लावून बसते.

म्हणून माझं म्हणणं असं की भविष्याचं चित्र कुणी दाखवलं की त्यात काय जुनंच ठेवलंय ते आधी शोधा. आज एआयची चित्रं बघा: डॉक्टरच्या खुर्चीत रोबो, फळ्यापुढे रोबो. खुर्ची आणि फळा तसाच. मला तर हा पुन्हा उडता पोस्टमन वाटतो. खरं काय येईल ते मलाही सांगता येणार नाही. सांगता आलं असतं तर १९८७ सालीच अण्णांचं तोंड बंद केलं असतं.

एक मात्र कबूल करायला हवं, नाहीतर अण्णा हे वाचून फोन करतील. मशीनमुळे कुणाला काढलं नाही, पण आमच्या शाखेत क्लार्कची नवी भरती कित्येक वर्षं झाली नाही. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत, सरकारी बँकांतले लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले, त्यात अण्णाही होते. ते म्हणतात, मशीनने घालवलं. मी म्हणतो, फॉर्म तुम्ही स्वतःच्या हाताने भरलात आणि त्या पैशात वरचा मजला चढवलात. यावर अजून निकाल नाही.

गेल्या नोव्हेंबरात दोघं मिळून हयातीचा दाखला द्यायला गेलो. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. अण्णांच्या बोटांच्या रेषा वयामुळे झिजल्यात, मशीन घेईना. बोट पुसलं, लिंबू चोळून झालं, पाचवा प्रयत्नही फुकट. अण्णा माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बघ, तुझ्या कॉम्प्युटरला मी जिवंत आहे हेच पटत नाही!" सगळा हॉल हसला. शेवटी काउंटरवरच्या मुलीने कागदी फॉर्म काढला आणि सही घेतली. पेन माझंच होतं.