गावाकडे चाळिशीतच दाढा का किडतात? कॅल्शियम, पाणी की आणखी काही?

ताई, तुमचं म्हणणं असं की निफाडकडे गावी आई अजून पन्नाशीचीही नाही, पण चार दाढा किडल्यात. भावाच्याही दोन गेल्या. दोघंही सकाळी न चुकता दात घासतात. मग कॅल्शियम कमी पडतंय की बोअरच्या पाण्याचा दोष आहे? मी दंतवैद्य आहे आणि नाशिक जिल्ह्यातल्या गावांत बरीच वर्षं शिबिरं घेतली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी कीड थांबत नाही. मोठ्या माणसाच्या दाताचं कवच कधीच तयार होऊन बसलेलं असतं, त्यात गोळीतून भर पडत नाही. जड पाण्यानेही दात किडत नाहीत. या दोन्ही गोष्टी मनातून काढून टाका, कारण त्यांच्या नादात खरं कारण बाजूला राहतं.

खरं कारण म्हणजे तोंडात गोड दिवसातून किती वेळा जातं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास हे चालतं, मग लाळ हळूहळू झीज भरून काढते. आता द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाचा दिवस बघा. उठल्यावर चहा, कामावर निघताना चहा, दहाला बांधावर चहा, जेवणानंतर, चार वाजता, घरी आल्यावर पुन्हा. सोबत टोस्ट नाहीतर बिस्किट, ज्याचा लगदा दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), खुडा (घडांची तोडणी) असली कामं चालू असली की चहाची फेरी आणखी वाढते. लाळेला सवडच मिळत नाही. एकदाच जेवणात चार चमचे साखर खाणारा यापेक्षा बरा. चहा बंद करा असं मी सांगत नाही, ते कोणी ऐकतही नाही. दोन-तीन वेळांवर आणा, साखर निम्मी करा आणि वर पाण्याने खळखळून चूळ भरा, एवढं मात्र जमतं.

आता एक विचारते, राग मानू नका. आई मिश्री लावतात का? शिबिरात बायका हे आपणहून सांगत नाहीत, सुनेसमोर तर नाहीच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटाने घासायची आणि बराच वेळ तोंडात धरायची. दुखरी दाढ जरा बधिर होते, म्हणून ती औषधच वाटते. पण त्याने हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर कवच नसतं, त्यामुळे सौम्य आम्लही त्याला पुरतं. आरशात दात वरून चांगले दिसतात. ओठ खाली ओढला की हिरडीच्या कडेला तपकिरी खाच दिसते आणि तिथे आमचं टोकदार अवजार रुततं. बाई म्हणते, "दुखत नाही हो, गार लागलं की ठणकतं फक्त." मोठ्या माणसांची कीड बरेचदा इथूनच सुरू होते. गायछाप-चुना गालात धरणाऱ्या पुरुषांचंही तेच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळा. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

आईची साखर तपासून घ्या. मधुमेहात तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या लवकर बिघडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लाळ कमी होते. गोळ्या बंद करू नका, फक्त दंतवैद्याला सांगा.

घासण्याबद्दल म्हणाल तर रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा जास्त मोलाचं आहे, कारण झोपेत लाळ जवळपास थांबते. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, वेष्टनावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा असतो. थुंकून टाका, लगेच भरभरून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. राखुंडी किंवा विटेच्या भुकटीने कवच झिजतं.

आणि भावाला विचारा, त्याची एखादी दाढ आधी खूप ठणकून मग आपोआप थांबली का. लोक म्हणतात, "मेडिकलमधून गोळी घेतली, बरं वाटलं." पुष्कळदा तेव्हा आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे उतरत असतात. सुरुवातीला एका बैठकीत सिमेंट भरून भागतं. पुढे रूट कॅनल, कॅप, चार फेऱ्या आणि तेवढे रोज बुडतात, म्हणून माणूस म्हणतो काढूनच टाका. रोज बुडण्याची अडचण खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. म्हणूनच दुखायच्या आधी, काम मंदावलेलं असताना जा. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. वेळ जास्त लागतो, पण खासगीपेक्षा स्वस्त पडतं. सिव्हिललाही दंतविभाग आहे. आणि वरची दाढ काढली तर नजर जाते ही भीती आईंना असेल तर सांगा, तसं काही होत नाही.

मात्र जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.