पात्र चालतं, पण पाय घसरतात
पिक्सेल आर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ३२ × ३२ पिक्सेलचं पात्र काढलंय. उभं असताना छान दिसतं, पण चालायला लागलं की पाय घसरतात आणि डोकं थरथरतं. सहाच्या बारा फ्रेम केल्या, तरी तेच.

उत्तर : फ्रेम वाढवून पाय घसरायचे थांबत नाहीत. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला छोटा मारिओ तीनच चित्रांवर चालतो. आधी एका पावलाच्या चार पोझ पक्क्या करा. पहिलीत पुढची टाच आणि मागचा चवडा टेकलेला, पाय सर्वांत लांब फाकलेले. दुसरीत वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो, धड १ पिक्सेल खाली. तिसरीत टेकलेला पाय सरळ, दुसरा त्याच्या शेजारून पुढे निघालेला, धड मूळ उंचीवर. चौथीत धड १ पिक्सेल वर. एवढ्या छोट्या पात्राला २ पिक्सेल दिलेत तर ते चालणार नाही, उड्या मारेल. मग याच चार पोझ हातपायांची अदलाबदल करून पुन्हा काढा. आठ फ्रेम झाल्या, प्रत्येकी १०० मिलिसेकंद ठेवा. पलीकडचा हात आणि पाय एक छटा गडद हवा; नाहीतर दोन्ही पाय सारखेच दिसतात आणि पात्र एकाच पायाने चालल्यासारखं वाटतं.

आता घसरणं. टेकलेला पाय दर फ्रेमला सारखाच मागे सरकायला हवा. समजा तो शरीराच्या मध्यापासून ४ पिक्सेल पुढे टेकला, तर पुढच्या फ्रेमांत २, ०, उणे २ आणि पाचवीत उणे ४ वर यावा. म्हणजे १०० मिलिसेकंदांत २ पिक्सेल, सेकंदाला २०. गेममध्ये पात्राचा वेगही २०च ठेवा. तिथे ३० टाकलेत तर चित्र कितीही सुबक असो, पाय घसरणारच. तुमची गडबड बहुधा इथेच आहे.

डोकं थरथरतं ते दर फ्रेमला नव्याने काढल्यामुळे. ते वेगळ्या लेयरवर एकदाच काढा आणि अख्खं उचलून वरखाली सरकवा. एस्प्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ३ दाबून ओनियन स्किन चालू केलंत की आधीची फ्रेम पुसट दिसते, कुठला पिक्सेल उगाच हलला ते लगेच कळतं.

प्रश्न : तलवारीच्या वारात जोर वाटत नाही. पाच फ्रेम आहेत, प्रत्येकी ८० मिलिसेकंद.

उत्तर : सगळ्यांना सारखा वेळ दिलात, जोर तिथेच गेला. तलवार मागे खेचलेली तयारीची पोझ २०० मिलिसेकंद थांबवा, प्रत्यक्ष फटका एकाच फ्रेममध्ये ४० ते ५० मिलिसेकंदांत उरका आणि फटक्यानंतरची पोझ १५० धरून ठेवा. फटक्याच्या फ्रेममध्ये तलवार नीट काढत बसू नका; पात्याच्या सर्वांत उजळ रंगाचा चंद्रकोरीसारखा पट्टा पुरतो. मधल्या स्वच्छ पोझ घालण्याचा मोह होतो, पण त्यानेच वार मंदावतो.

हे शत्रूसाठी उत्तम. उलट त्याची तयारी ३०० ते ४०० करा, म्हणजे खेळणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळतो. खेळणाऱ्याच्या पात्राला मात्र २०० जड जातात, बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं. तिथे तयारी ६० ते ८०वर आणा आणि वाचलेला वेळ फटक्यानंतरच्या पोझला द्या.